पुढचा स्टॉप कोण सांगणार?

रात्रीचे साडेनऊ. बस गच्च भरलेली. पाठीवर सॅक, एक हात दांडीला, बाहेर धो धो पाऊस आणि काचांवर वाफ धरलेली. सांगा बरं, तुमचा स्टॉप आला हे तुम्हाला कळतं कसं?

‘मोबाइलवर मॅप उघडतो’ हे पहिलं उत्तर. बॅटरी असेल तर ठीक. नाहीतर काच हाताने पुसून बाहेर बघता. ओळखीचं मेडिकल, वडापावची गाडी, सिग्नलवरचं होर्डिंग. तेही नाही दिसलं तर शेजारच्या काकांना विचारता. म्हणजे चारपैकी तीन वेळा काम डोळेच करतात, आणि चौथ्या वेळी दुसऱ्या कुणाचे तरी डोळे.

हा प्रश्न दीडशे वर्षांपासून लोकांना छळतोय. त्यावर जी यंत्रं निघाली, त्यांची गोष्ट भारी आहे. आधी गंमत वाटते, मग ती कोर्टकचेरीपर्यंत जाते.

सुरुवात अमेरिकेतून करू. १८८८ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरात फ्रँक स्प्रेग या इंजिनीअरने विजेवरच्या ट्रामचं मोठं जाळं यशस्वीपणे चालवून दाखवलं आणि पुढच्या काही वर्षांत देशभर घोड्यांच्या ट्राम मागे पडल्या. घोडा रमतगमत चालायचा. कंडक्टर रस्त्याचं नाव ओरडायचा, लोक निवांत उतरायचे. विजेची ट्राम त्याहून बरीच जोरात. मोटरचा घरघराट, रुळांचा खडखडाट, थंडीत बंद खिडक्या आणि त्यावर बर्फ. कंडक्टर पुढच्या टोकाला तिकिटं फाडत असेल तर मागे बसलेल्याला काय ऐकू येणार? त्यातून यातले कितीतरी प्रवासी नुकतेच बोटीतून उतरलेले, शहर नवं, भाषा नवी.

मग डोकेबाज लोक कामाला लागले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आणि विसाव्याच्या सुरुवातीला ‘रस्ता दाखवणाऱ्या’ यंत्रांची अमेरिकेत डझनावारी पेटंटं निघाली. बहुतेकांची मूळ कल्पना एकच. ट्रामच्या छताजवळ एक लाकडी पेटी, तिला काचेची खिडकी. आत दोन रोलर आणि त्यांवर गुंडाळलेली लांबलचक कापडी पट्टी. पट्टीवर ओळीने सगळ्या रस्त्यांची नावं छापलेली. एक रस्ता मागे पडला की रोलर फिरणार, खिडकीत पुढचं नाव येणार आणि ‘टिंग’ अशी घंटी वाजणार. परतीच्या फेरीत पट्टी उलटी फिरवायची. काही नमुन्यांत नावाच्या शेजारी जाहिरातीची जागासुद्धा होती. स्टॉप बघायला वर पाहिलंत की साबणाची जाहिरात फुकट. आज बसमधल्या स्क्रीनवर जे चालतं ते काही नवं नाही!

खरी मारामारी होती ती रोलर फिरवायचा कुणी यावर.

सोपा मार्ग म्हणजे कंडक्टरने दोरी ओढायची. पण तो एकदा विसरला की पुढची अख्खी यादी एका स्टॉपने चुकणार. दुसरा मार्ग, रुळाशेजारी ठरलेल्या जागी खुंट्या ठोकायच्या. ट्रामच्या पोटाखालचा खटका खुंटीवर आपटला की पट्टी एक घर पुढे सरकते. यात प्रत्येक रस्त्याला खुंटी हवी, आणि बर्फ, चिखल, दगड यांच्यात ती शाबूत राहायला हवी.

तिसरा मार्ग सगळ्यात हुशारीचा. चाकाच्या आसाला गिअर जोडायचे आणि चाक किती फेरे फिरलं यावरून अंतर मोजायचं. माणूस नको, खुंटी नको. कागदावर परफेक्ट. आता जरा गणित करू, नववीचंच आहे. समजा, ट्रामचं चाक ३३ इंच व्यासाचं. ते झिजून ३२ इंच झालं. एक इंच म्हणजे काय मोठंसं? पण लहान चाकाला तेवढंच अंतर कापायला जास्त फेरे लागतात, आणि यंत्र तर फेरेच मोजतंय. ८ किलोमीटर गेल्यावर यंत्राला वाटणार की आपण सव्वाआठ किलोमीटर आलो. फरक २५० मीटरचा. शिकागोसारख्या शहरात एक ब्लॉक साधारण २०० मीटरचा असतो. म्हणजे यंत्र छातीठोकपणे पुढच्या रस्त्याचं नाव दाखवणार आणि तुम्ही एक ब्लॉक आधीच उतरणार! शिवाय ओल्या रुळांवर ब्रेक लावला की चाक न फिरताच घसरतं, ते अंतर मोजलंच जात नाही. रस्ता खोदला म्हणून ट्राम दुसरीकडून वळवली, तर पट्टीला त्याचा पत्ताच नाही.

म्हणून हा खोका शेवटपर्यंत कंडक्टरची जागा घेऊ शकला नाही. कंडक्टर विसरेल, कंटाळेल, पुटपुटेल. पण ट्राम वळवलेली त्याला दिसते.

आपल्याकडेही हे काम कंडक्टरच करायचा. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये आली, विजेची १९०७ मध्ये, आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम धावली. पण दादरला ‘टीटी’ला उतरणारे आजही आहेत. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असतं? रूळ गेले, ट्राम गेली, ओरडून सांगितलेलं नाव तेवढं राहिलं. आणि एसटीत किंवा शहर बसमध्ये बसलात तर घंटीची भाषा तुम्हाला येतेच. एक घंटी म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. मात्र ही भाषा कंडक्टर आणि ड्रायव्हरमधली. प्रवाशाला ती काहीच सांगत नाही.

तसं बघायला गेलं तर अमेरिकेतली पेटीही बोलत नव्हती. ती ‘टिंग’ करायची, म्हणजे ‘वर बघा’ एवढंच सांगायची. ज्याला दिसतच नाही, त्याने कुठे बघायचं? एडिसनचा फोनोग्राफ १८७७ मध्येच आला होता, त्यामुळे आवाज साठवता येत होता. पण तो मोठा करून गजबजलेल्या डब्यात ऐकवायचा, तर ॲम्प्लिफायर हवा. त्याला विसावं शतक उजाडावं लागलं.

बोलणारं यंत्र सर्रास वापरलं ते जपानने. तिथे बस आणि ट्राममधले कंडक्टर कमी करून एकट्या ड्रायव्हरवर गाडी चालवायची पद्धत पसरली. मग स्टॉप कोण सांगणार? उत्तर होतं एट-ट्रॅक कार्ट्रिज. आपल्या आईबाबांच्या कॅसेटचा हा जाडजूड चुलतभाऊ, १९६०च्या दशकात अमेरिकन गाड्यांमध्ये गाणी ऐकायला निघालेला. त्याची खुबी म्हणजे टेपची दोन टोकं एकमेकांना जोडलेली असतात. टेप रिळाच्या आतून निघते आणि बाहेरून गुंडाळली जाते. संपतच नाही. ड्रायव्हरने स्टॉप सोडला की बटण दाबायचं. टेप पुढच्या स्टॉपचं नाव बोलणार आणि मध्ये भरलेल्या इशाऱ्याच्या सिग्नलवर आपोआप थांबणार. पुढचं बटण, पुढचं नाव. जाहिरातवाले इथेही पोचलेच. अमुक दवाखान्यासाठी या स्टॉपवर उतरा, असं त्याच आवाजात ऐकू यायचं. खोट एकच, ही टेप मागे फिरवता येत नाही. बटण एकदा जास्त दाबलं गेलं की झालं.

म्हणजे गंमत बघा, १९६०-७०च्या दशकापर्यंत प्रत्येक स्टॉप मोठ्याने सांगणारं साधं, बरंचसं भरवशाचं यंत्र जगात होतं. तरीही २००० सालानंतर कॅनडातल्या टोरंटोमध्ये एका माणसाला यासाठी भांडावं लागलं.

डेव्हिड लेपॉफ्स्की. पेशाने वकील, आणि अंध. टोरंटोची ट्राम, तिकडच्या भाषेत स्ट्रीटकार, शहराची शान समजली जाते. तिथल्या ‘५०१ क्वीन’ या मार्गावर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येतं आणि वाटेत थोड्या थोड्या अंतरावर स्टॉप आहेत. लेपॉफ्स्की यांची मागणी एका ओळीची होती, प्रत्येक स्टॉप मोठ्याने जाहीर करा. मेट्रोत करा, बसमध्ये करा, स्ट्रीटकारमध्ये करा.

वाहतूक चालवणारी संस्था, टीटीसी, याविरुद्ध लढली. प्रकरण ओंटारिओच्या मानवी हक्क न्यायाधिकरणात गेलं. २००५ मध्ये मेट्रोबाबत निकाल लेपॉफ्स्की यांच्या बाजूने लागला. तुम्हाला वाटेल, आता बस आणि स्ट्रीटकारचं आपोआप होईल. नाही झालं. त्यासाठी दुसरा खटला, दुसरा निकाल. जुलै २००७ मध्ये न्यायाधिकरणाने सांगितलं, ३० दिवसांत सगळे स्टॉप जाहीर करायला लागा. यंत्र बसेपर्यंत ड्रायव्हरने तोंडाने सांगायचं. आणि हा सगळा विरोध करताना टीटीसीने वकिलांवर किती खर्च केला? सुमारे साडेचार लाख कॅनेडियन डॉलर. ‘पुढचा स्टॉप अमुक’ हे तीन शब्द बोलावे लागू नयेत म्हणून!

आता कुणी म्हणेल, प्रत्येक स्टॉप कशाला, ज्याला हवा त्याने ड्रायव्हरला सांगून ठेवावं. ऐकायला बरोबर वाटतं. पण ड्रायव्हर विसरला तर? मध्येच ड्युटी बदलून दुसरा ड्रायव्हर आला तर? अनोळखी स्टॉपवर उतरलेल्या अंध माणसाला आपण चुकीच्या जागी उतरलोय हेसुद्धा लगेच कळत नाही. शिवाय सगळी नावं ऐकू आली की मनात नकाशा तयार होतो. दोन स्टॉप राहिले, उठून दाराकडे सरकायला हवं, हे कळतं. अमेरिकेच्या १९९०च्या अपंग हक्क कायद्याखालचे नियम गाडी बदलायच्या जागा, मोठे चौक आणि प्रवासी मागेल तो स्टॉप जाहीर करायला सांगतात. टोरंटोचा निकाल त्याच्या पुढे गेला, आणि मला तोच बरोबर वाटतो.

आमच्या ओळखीतला एक मित्र पूर्ण अंध आहे. कॉलेजला एकटा बसने येतो. तो वळणं मोजतो. डेपोनंतर डावं, मग पुलाचा चढ, उतार, दोन स्पीडब्रेकर, मग बेकरीचा वास. ड्रेनेजसाठी रस्ता खणला आणि बस दुसरीकडून गेली की त्याची मोजणी कोलमडते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या कापडी पट्टीची जी अडचण, तीच याची. फरक एवढाच की चुकीची शिक्षा पट्टीला होत नव्हती.

आज तर जीपीएस आहे. चाकाचे फेरे मोजायला नकोत, बटण दाबायला नको. गाडी कुठे आहे हे उपग्रहाच्या सिग्नलवरून कळतं, स्टॉपच्या अलीकडे ठरलेल्या टप्प्यात शिरली की आवाज सुरू. लोकलमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत पुढचं स्टेशन ऐकू येतं, मेट्रोतही ऐकू येतं. घोडं पेंड खातं ते बसमध्ये. मी ज्या बसने जाते तिच्यात स्पीकर आहे. पाटीही आहे, लाल अक्षरांची. गेल्या महिन्यात मी आठवडाभर नोंद ठेवली. दहा फेऱ्यांपैकी सहा वेळा स्पीकर गप्प, दोनदा पाटी कालच्याच कुठल्यातरी स्टॉपवर अडकलेली. कंडक्टरना विचारलं तर म्हणाले, आवाजाचा त्रास होतो अशी पॅसेंजरच तक्रार करतात, म्हणून बंद ठेवतो. खोटं नसेल. आपणच इअरफोन घालून बसतो आणि वर आवाजाची कटकट होते म्हणतो.

कायदा मात्र आपल्याकडेही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं ४१ वं कलम वाहतुकीबद्दल आहे. सगळ्या प्रकारची वाहनं सुगम्य असावीत, जिथे तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि सुरक्षित आहे तिथे जुन्या वाहनांतही बदल करावेत, अशी जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. स्पीकर आधीच बसवलेल्या बसमध्ये तर बदलही करायचा नाहीये. बटण चालू करायचंय.

तेव्हा उद्या बसमध्ये चढलात की एक कान मोकळा ठेवा. आवाज येतोय का ऐका. नसेल तर बसच्या नंबरप्लेटचा नंबर, रूटचा नंबर, तारीख आणि वेळ टिपून घ्या आणि तक्रारीत ‘स्टॉपची घोषणा बंद होती’ एवढंच स्पष्ट लिहा. ‘सेवा खराब आहे’ अशा तक्रारीवर डेपोत कुणाला काही करता येत नाही. बसचा नंबर दिलात तर वर्कशॉपमध्ये नेमकी कुठली वायर बघायची ते तरी कळतं.