खारेपाटातली कोळंबी : एक मागोवा

अंबा आणि कुंडलिकेच्या खाडीकाठची पेण-रोह्याच्या खारेपाटातली भातशेती बांधाच्या भरवशावर पिकते. उधाणाला बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खांड (भगदाड) गेली, की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन काही वर्षांसाठी हातची जाते. पूर्वी गावकी श्रमदानाने बांध राखत असे. १९४८ चा खार जमीन कायदा आणि १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला, तशी ही जबाबदारी बरीचशी सरकारकडे गेली. दुरुस्ती रखडली तिथे भाताच्या खाचरांत कांदळवन उगवले. कोळंबीचे तलाव इथे आले ते अशा जमिनींच्या शेजारी.

मासे राखणे खारेपाटाला नवे नव्हते. खाडीत मिळालेली जिताड्याची पिल्ले घराजवळच्या तळ्यात वाढवायची, हा जुना रिवाज. नव्वदच्या दशकात मात्र देशभर वाघ कोळंबीची लाट आली. बीज, खाद्य, पंप आणि निर्यातीचा भाव, सगळा कारभार मोठा. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने अनेक किनाऱ्यांवरचे तलाव रिकामे केले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोळंबी शेतीवरच्या जगन्नाथ खटल्यात किनारपट्टीच्या नियमन क्षेत्रातले पारंपरिक सोडून बाकीचे तलाव हटवायला सांगितले. शेतजमीन, मिठागरे आणि कांदळवन मोडून तलाव करायलाही मनाई केली. २००५ मध्ये किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा कायदा झाला आणि तलावांची नोंदणी सक्तीची झाली.

२००९ पासून व्हॅनामेई या कोळंबीच्या जातीला परवानगी मिळाली आणि धंद्याला दुसरा जन्म मिळाला. चौरस मीटरला ६० पिल्लांपर्यंत सोडता येतात, चारेक महिन्यांत माल निघतो. पण दाटी वाढली तशी जोखीमही वाढली. खाद्य टाकल्यावर दोनेक तासांनी चेक ट्रे, म्हणजे खाद्य तपासायचे ताट, वर काढतात. खाद्य उरले का, कोळंबीच्या पाठीतली आतड्याची काळसर रेघ भरलेली आहे का, उजेडात धरून पाहतात. रेघ तुटक दिसली, तर त्या दिवशी खाद्य कमी. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत खाली जातो. त्या वेळी वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर सकाळी कोळंबी पृष्ठभागावर तडफडताना दिसते.

रोह्याच्या बाजूला आणखी एक चिंता आहे. धाटावची रासायनिक वसाहत कुंडलिकेच्या काठावर आहे आणि तलावाला पाणी त्याच खाडीचे. बंदिस्त टाक्यांतली, पाणी गाळून पुन्हा वापरणारी कोळंबी शेती म्हणूनच आकर्षक वाटते. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तिला अनुदानही ठेवले गेले. पण तिथे खाडीची जागा वीजबिल घेते, आणि कोळंबीचा भाव तर परदेशी बाजारात ठरतो. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले, तेव्हा त्याची झळ कोळंबीला लगेच बसली.

या वाटचालीतून मला एकच गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. नापीक झालेल्या खारजमिनीवर, नियम पाळून, कोळंबी जरूर करावी. तिच्यामुळे तरुणांना गावातच काम मिळते. मात्र तलावाचे खारे पाणी शेजारच्या भाताखाली झिरपता कामा नये आणि पडलेली खांड तलावाच्या सोयीसाठी तशीच ठेवता कामा नये. बाहेरकाठा फुटला, तर भात आणि कोळंबी दोन्ही एकाच भरतीत जातात. म्हणून बांधाच्या दुरुस्तीचा पैसा वेळेवर यावा आणि त्यावर देखरेख पुन्हा गावाची असावी.