साखळी-नोंदवहीची रंगीत तालीम : नाशिकच्या द्राक्षांच्या निमित्ताने

जानेवारी ते एप्रिल या काळात निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांच्या रस्त्यांवर द्राक्षांच्या पेट्या वाहून नेणारी वाहने दिसू लागतात. यांपैकी जो माल युरोपला जावयाचा असतो, त्याच्या पाठीशी नोंदींची एक लांबलचक मालिका उभी असते. बागेची नोंदणी कृषी विभागाकडे होते, औषधांच्या अवशेषांची तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत होते, प्रतवारी व बांधणी पॅकहाऊसमध्ये होते आणि त्यानंतरच निर्यातीची प्रमाणपत्रे मिळतात. या सर्व नोंदी एका सूत्रात गुंफण्यासाठी 'अपेडा' या केंद्रीय संस्थेने 'ग्रेपनेट' ही संगणकीय प्रणाली उभारली. परदेशातील दुकानात पोहोचलेली पेटी कोणत्या बागेतील आहे, याचा माग तिच्यामुळे काढता येऊ लागला. पुढे हीच कल्पना 'हॉर्टीनेट'च्या रूपाने इतर फळे व भाजीपाल्यापर्यंत विस्तारली.

ही नोंदवही एका संस्थेच्या ताब्यातील मध्यवर्ती नोंदवही होय. शेतकरी, प्रयोगशाळा, निर्यातदार आणि शासन या सर्वांजवळ तिची एकसारखी प्रत असावी व कोणा एकाला ती गुपचूप बदलता येऊ नये, अशी अपेक्षा ठेवली, तर ब्लॉकचेन या तंत्राचा विचार करावा लागतो. मात्र असे तंत्र प्रत्यक्ष लोकांच्या नोंदींना लावण्यापूर्वी त्याची स्थानिक संगणकावर कसून चाचणी घेणे का अगत्याचे आहे आणि ती कशी घेतात, याची माहिती येथे दिली आहे.

फेरफार नोंदवहीचे उदाहरण

ब्लॉकचेनची कल्पना आपल्या ग्रामीण प्रशासनाला सर्वस्वी परकी नाही. गावचा नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, सर्वांच्या परिचयाची आहे. तीत प्रत्येक नोंदीला अनुक्रमांक असतो. पूर्वीची प्रमाणित नोंद खोडली जात नाही; हक्कात बदल झाला तर नवी नोंद घेतली जाते आणि सातबारावर तिचा क्रमांक येतो.

ब्लॉकचेनमध्ये याच पद्धतीला गणिताची जोड दिलेली असते. काही नोंदींचा मिळून एक गठ्ठा, म्हणजे 'ब्लॉक', तयार होतो. त्या गठ्ठ्यातील मजकुरावरून संगणक एक ठरावीक लांबीची संख्या काढतो. तिला 'हॅश' म्हणतात. हा जणू मजकुराच्या अंगठ्याचा ठसाच होय. मजकुरातील एक वेलांटी बदलली तरी ठसा पूर्णपणे बदलतो. प्रत्येक नव्या गठ्ठ्यात मागील गठ्ठ्याचा ठसा नोंदविलेला असल्यामुळे जुन्या पानात केलेली ढवळाढवळ पुढील पानांशी जुळत नाही आणि ती उघडकीस येते. शिवाय नोंदवहीच्या प्रती अनेकांकडे असल्याने एकट्याने केलेला बदल इतरांच्या प्रतींशी ताडून पाहता येतो.

२००९ मध्ये बिटकॉइन या आभासी चलनाबरोबर हे तंत्र वापरात आले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियममुळे नोंदवहीत नियमही लिहून ठेवण्याची सोय सर्वत्र परिचित झाली. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली उपविभागात २०२२ मध्ये सुमारे ६५,००० जातीच्या दाखल्यांची पडताळणी अशा साखळीच्या आधारे करण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला होता.

तालीम कशासाठी?

जी गोष्ट या तंत्राचे बळ, तीच त्याची अडचणही आहे. सार्वजनिक साखळीवर गेलेली नोंद पुसता येत नाही. तिच्यावर दुरुस्तीची नवी नोंद तेवढी करता येते. नियमात राहिलेली चूक तर हजारो नोंदींत उतरू शकते. शिवाय सार्वजनिक साखळीवर प्रत्येक नोंदीसाठी शुल्क पडते. म्हणून नाटकापूर्वी जशी रंगीत तालीम होते, तशी तालीम आपल्याच संगणकावर घ्यावी लागते. स्थानिक जाळ्यात सर्व काही खऱ्यासारखे चालते. मात्र पैसे खोटे असतात, नोंदी काल्पनिक असतात आणि चूक झाली तर सर्व पुसून पुन्हा आरंभ करता येतो.

उभारणीचे दोन मार्ग

पहिला मार्ग इथेरियमच्या धर्तीचा आहे. त्यासाठी 'हार्डहॅट' हे विनामूल्य साधन उपलब्ध आहे. ते चालविण्यासाठी 'नोड' ही संगणक-प्रणाली आधी बसवावी लागते. त्यानंतर एका आज्ञेसरशी संगणकावर एक छोटी साखळी सुरू होते आणि चाचणीसाठी २० खाती मिळतात. प्रत्येक खात्यात १०,००० चाचणी-इथर जमा असतात; त्यांचे बाजारमूल्य शून्य. बागेची नोंदणी कोणी करावी व तपासणीचा निकाल कोणी भरावा, हे नियम छोट्या कार्यक्रमाच्या रूपात लिहून या साखळीवर चढवितात आणि एक खाते शेतकऱ्याचे, दुसरे प्रयोगशाळेचे असे मानून व्यवहार करून पाहतात. साखळी बंद केली की सर्व नोंदी नाहीशा होतात. अनेक पुस्तकांत 'गनाश' या साधनाचा उल्लेख आढळतो; परंतु त्याची देखभाल थांबविण्याची घोषणा २०२३ मध्ये झालेली असल्याने नव्याने शिकणाऱ्यांनी त्यापासून सुरुवात करू नये.

दुसरा मार्ग 'हायपरलेजर फॅब्रिक'चा. येथे कोणीही अनोळखी व्यक्ती सहभागी होऊ शकत नाही. ओळख पटविलेल्या संस्थाच जाळ्यात येतात. त्यामुळे शासकीय कामाला हा प्रकार अधिक जवळचा आहे. त्याच्या तयार चाचणी-जाळ्यात दोन संस्था, प्रत्येकीचा एक संगणक-घटक आणि नोंदींचा क्रम लावणारा एक घटक असतो. हे सर्व घटक 'डॉकर' या साधनाच्या आधारे एकाच संगणकात स्वतंत्र खोल्यांप्रमाणे चालतात. प्रथम जाळे सुरू करावयाचे, नंतर दोन्ही संस्थांची सामाईक नोंदवही, म्हणजे 'चॅनेल', उघडावयाची आणि शेवटी तिच्यावर नियम चढवावयाचे, असा क्रम आहे. आपल्या उदाहरणात एक संस्था प्रयोगशाळा व दुसरी पॅकहाऊस समजावी.

काय तपासावे?

जाळे सुरू झाले म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम तेथून सुरू होते. पॅकहाऊसच्या खात्यातून प्रयोगशाळेचा निकाल भरण्याचा मुद्दाम प्रयत्न करावा; तो नाकारला गेला पाहिजे. एक संगणक-घटक बंद करून पाहावा. दोन्ही संस्थांची संमती आवश्यक ठेवली असेल, तर नवी नोंद मान्य होता कामा नये. त्यावेळी बागेत काढणी सुरू असेल तर काय करावयाचे, हा प्रश्न मग आपोआपच पुढे येतो. गट क्रमांक चुकीचा पडल्यास दुरुस्ती कोण व कशी करणार, हेही येथेच ठरवावे.

सर्वांत मोठी कसोटी मात्र यंत्राची नसून माणसांच्या विचारशक्तीची आहे. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचे, म्हणजे बागायतदार ज्यास 'सीसीसी' म्हणतात त्या वाढनियंत्रकाचे, अवशेष मर्यादेपेक्षा अधिक आढळले. माल नाकारला गेला आणि बागायतदारांना मोठी झळ सोसावी लागली. येथील तपासणीच्या यादीत त्या द्रव्याचा समावेशच नव्हता. जे तपासलेच गेले नाही, ते कितीही अभेद्य नोंदवही असली तरी तीत उमटणार नाही. साखळी लिहिलेले जपते. लिहिलेले खरे व पुरेसे आहे की नाही, हे ती सांगत नाही. म्हणून तालमीच्या वेळी बागायतदार, प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ आणि कृषी अधिकारी यांना एकत्र बसवून नोंदीत कोणता रकाना राहून गेला आहे, हे विचारणे आवश्यक ठरते.

दक्षता

तालमीतही काही पथ्ये पाळावी लागतात. हार्डहॅटच्या चाचणी-खात्यांच्या गुप्त किल्ल्या जगभर सर्वांना ठाऊक आहेत. त्या खात्यांवर खरे पैसे कधीही पाठवू नयेत. खऱ्या शेतकऱ्यांची नावे, आधार क्रमांक अथवा दूरध्वनी क्रमांक चाचणीसाठी वापरू नयेत. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आपली माहिती दुरुस्त करून वा पुसून घेण्याच्या व्यक्तीच्या हक्काला स्थान देण्यात आले आहे. जी माहिती पुसता येत नाही ती साखळीवर ठेवणे म्हणूनच उचित नव्हे. मूळ दस्तऐवज कार्यालयात ठेवून त्याचा केवळ ठसा साखळीवर नोंदविणे हे धोरण श्रेयस्कर होय.

केंद्र शासनाने ४ सप्टेंबर २०२४ रोजी 'विश्वस्य' हा राष्ट्रीय ब्लॉकचेन तंत्रसंच सुरू केला. त्याची यंत्रणा भुवनेश्वर, पुणे व हैदराबाद येथील केंद्रांत विभागलेली आहे. शैक्षणिक संस्था व नवउद्योगांना प्रयोग करता यावेत यासाठी 'एनबीएफ लाइट' हे चाचणी-व्यासपीठही त्याबरोबर जाहीर करण्यात आले. स्थानिक संगणकावर हात बसल्यानंतर पुढची पायरी म्हणून त्याचा विचार करता येईल.

कार्यक्रम लिहिण्याचे काम तंत्रज्ञांचे आहे. परंतु कोणती नोंद कोणी करावी, चूक कोणी सुधारावी आणि कोणाचा आक्षेप ऐकून घ्यावा, हे प्रश्न गावाचे व प्रशासनाचे आहेत. शिक्षकांनी ते वर्गात चर्चेला घ्यावेत आणि पंचायत सदस्यांनी नवी प्रणाली स्वीकारण्यापूर्वी 'याची तालीम कोठे झाली व तीत काय चुकले?' असे अवश्य विचारावे. या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाल्याखेरीज लोकांच्या नोंदी कोणत्याही साखळीत गुंफू नयेत.