परी, पण भांडीं सांधणारी

डिस्नेचा ‘टिंकर बेल’ हा संगणकावर चितारलेला बोलपट २८ ऑक्टोबर २००८ रोजीं अमेरिकेंत तबकडीच्या रूपानें विक्रीस आला. तो मुख्यतः घरीं पाहण्यासाठींच होता. बॅरीच्या १९०४ च्या नाटकांत ही परी म्हणजे रंगभूमीवर फिरणारा प्रकाशाचा ठिपका व घंटांचा नाद, एवढीच होती. १९५३ च्या ‘पीटर पॅन’ चित्रपटांत तिला देह होता, वाचा मात्र नव्हती; येथें ती बोलते.

टिंकर म्हणजे फुटकीं भांडीं सांधणारा कारागीर. हें काम तिला हलकें वाटतें. वसंत घेऊन मनुष्यलोकीं जाणाऱ्या इतर पऱ्यांचा हेवा करतां करतां ती वसंताची सारी तयारी बिघडविते. मग किनाऱ्यास लागलेल्या टाकाऊ वस्तूंपासून यंत्रें रचून ती बाजू सांवरते. कारागिरीचा हा गौरव आम्हांस मनापासून आवडला. आपल्या सुशिक्षित घरांतून तो क्वचितच होतो.

एक गोष्ट मात्र खटकली. परी उपजतांच हातोडा आपण होऊन तिच्याकडे धांव घेतो, आणि धंदा कायमचा ठरतो! ‘तिनें दुसरें कांहीं शिकूंच नये काय?’ असें मुलांनीं विचारल्यास वडील मंडळींनीं तबकडी थांबवून उत्तर द्यावें. ही सोय चित्रगृहांत नसते.