जुन्या स्पोर्ट्स मोटारीतील फेरबदल

जुन्या स्पोर्ट्स मोटारीतील फेरबदल म्हणजे उत्पादन बंद झालेल्या किंवा बरीच वर्षे वापरात असलेल्या वेगवान मोटारीच्या यंत्रणेत मालकाने जाणीवपूर्वक केलेले बदल होत. थांबण्याची क्षमता, रस्त्यावरील पकड, विश्वासार्हता, शक्ती किंवा सोय वाढविणे हा त्यांचा हेतू असतो. झिजलेला भाग काढून तसाच नवा भाग बसविणे ही दुरुस्ती होय. मूळ भागाच्या जागी वेगळ्या गुणधर्माचा भाग बसविणे हा फेरबदल होय. ज्या फेरबदलाने मोटारीतील सर्वांत कमकुवत दुवा बळकट होतो, जो कायद्यात बसतो आणि गरज पडल्यास मूळ स्थितीत परत नेता येतो, तो सर्वसाधारणपणे उपयुक्त मानला जातो. या कसोटीवर शक्तिवाढ बहुधा सर्वांत शेवटी येते.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० आणि पुढे प्रीमियर पद्मिनी या मोटारी तयार होत. या मोटारी कौटुंबिक वापरासाठी होत्या. तरीही त्यांच्या इंजिनात फेरबदल करून त्या चेन्नईजवळील शोलावरम येथील धावपट्टीवरच्या शर्यतींत उतरविल्या जात. परदेशी स्पोर्ट्स मोटारींची आयात दीर्घकाळ कठीण असल्यामुळे भारतात वेगवान मोटार म्हणजे बहुधा फेरबदल केलेली साधी मोटार असे.

१९८५ मध्ये बाजारात आलेली प्रीमियर ११८ एनई ही उत्पादकानेच केलेल्या मोठ्या बदलाचे उदाहरण आहे. तिचा सांगाडा फियाट १२४ वर आधारलेला होता, तर १,१७१ घन सेंटिमीटरचे इंजिन निस्सानच्या रचनेचे होते. २००१ मध्ये फियाटने कुर्ला येथूनच पालिओ ही मोटार आणली. तिच्या १,५९६ घन सेंटिमीटर इंजिनाच्या आवृत्तीची शक्ती सुमारे १०० अश्वशक्ती होती. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांच्या नावाशी जोडलेली एस-१० ही पालिओची मर्यादित आवृत्तीही निघाली. काटेकोर व्याख्येने पालिओ ही स्पोर्ट्स मोटार नव्हे. तथापि वेगाची आवड असणाऱ्या मराठी वाहनधारकांच्या हाती आलेल्या जुन्या मोटारींत तिची गणना होते. अशा मोटारींनी आता नोंदणीची १५ वर्षे ओलांडली आहेत. त्यामुळे त्यांत काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे, हा प्रश्न पैसा, सुरक्षितता आणि कायदा या तिन्ही अंगांनी महत्त्वाचा ठरतो.

आधी दुरुस्ती, मग फेरबदल

जुन्या मोटारीची ढासळलेली कामगिरी पुष्कळदा रचनेतील उणिवेमुळे नसून झिजेमुळे असते. रबराचे बुश कडक होऊन तडकतात, शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल गळते, रेडिएटरच्या नळ्यांत क्षार साचतात आणि विजेच्या तारांचे सांधे गंजतात. अशा स्थितीत कडक स्प्रिंग किंवा रुंद टायर बसविल्यास मूळ दोष झाकला जातो, पण नाहीसा होत नाही.

म्हणून फेरबदलापूर्वी मोटार मूळ प्रमाणानुसार पूर्ववत करणे आवश्यक असते. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजल्यास पिस्टन रिंग आणि व्हॉल्व्ह यांची स्थिती कळते. टायमिंग बेल्टचे वयही तपासावे लागते. तो तुटल्यास अनेक प्रकारच्या इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून मोठे नुकसान होते. चाकांचे अलाइनमेंट, स्टिअरिंगचे सांधे आणि सांगाड्याचा गंज यांचीही तपासणी याच टप्प्यावर होते. हे सर्व केल्यानंतर मोटार अपेक्षेहून चांगली चालते आणि ठरविलेले काही फेरबदल अनावश्यक ठरतात.

फेरबदलांचा क्रम

टायर आणि चाके. मोटारीचा रस्त्याशी संबंध केवळ टायरच्या चार लहान पृष्ठभागांद्वारे येतो. त्यामुळे ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिन यांच्या कामाची मर्यादा टायरच ठरवतात. टायरच्या बाजूवरील चार अंकी क्रमांकावरून त्याचे वय कळते. ३६१९ म्हणजे २०१९ या वर्षाचा ३६ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर कडक होऊन पकड गमावते. आकार बदलताना चाकाचा एकूण व्यास फारसा बदलू नये. उदाहरणार्थ, १७५/६५ आर १४ या टायरचा व्यास सुमारे ५८३ मिलिमीटर, तर १८५/६० आर १४ चा सुमारे ५७८ मिलिमीटर असतो. हा फरक एक टक्क्याच्या आसपास असल्याने वेगमापकावर त्याचा परिणाम नगण्य असतो. मोठ्या व्यासाच्या रिमवर बसविलेल्या पातळ टायरांत हवेची गादी कमी राहते आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा संभव वाढतो.

ब्रेक. गतिमान वाहनाची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार थांबविण्यासाठी ब्रेकना सुमारे ५६ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. डॉट-४ या प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर बाष्प शोषलेल्या तेलासाठी तीच किमान मर्यादा १५५ अंश असते. घाटाच्या लांब उतारावर तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पोकळ लागते. त्यामुळे दर दोन वर्षांनी तेल बदलणे, जुन्या रबरी होजऐवजी नवीन किंवा पोलादी जाळीचे होज बसविणे आणि चांगल्या प्रतीचे पॅड वापरणे हे अल्पखर्चाचे उपयुक्त उपाय आहेत. केवळ पुढच्या चाकांना मोठे डिस्क लावल्यास पुढच्या आणि मागच्या ब्रेकमधील समतोल बिघडू शकतो.

सस्पेन्शन. मूळ उंची कायम ठेवून चांगल्या दर्जाचे शॉक ॲब्सॉर्बर आणि नवे बुश बसविणे हा सर्वसाधारण वापरासाठी योग्य मार्ग आहे. पॉलियुरेथेनचे बुश अधिक टिकतात आणि स्टिअरिंग नेमके होते. मात्र कंपने आणि आवाज वाढतात. मोटार बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापणे धोक्याचे असते. वेढे कापलेली स्प्रिंग अधिक कडक होते, तिची हालचाल कमी होते आणि चाक पूर्ण खाली आल्यावर ती जागेवरून निसटू शकते.

शीतलन. उन्हाळ्यात मराठवाड्याचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. रेडिएटर स्वच्छ करणे वा बदलणे, नवा थर्मोस्टॅट आणि योग्य प्रमाणातील कूलंट यांमुळे इंजिनाचे आयुष्य वाढते. इंजिन तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा चुकीची आहे. त्यामुळे थंड इंजिन योग्य तापमानाला येण्यास वेळ लागतो आणि झीज वाढते.

विद्युत यंत्रणा आणि दिवे. अनेक जुन्या मोटारींत हेडलाइटचा पूर्ण प्रवाह डॅशबोर्डवरील बटणातून जातो. तारा आणि सांधे जुने झाले की दिव्यापर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. हॅलोजन दिव्याचा दाब १० टक्के घटला तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. रिले आणि जाड तारा वापरून बॅटरीतून थेट प्रवाह दिल्यास मूळ दिवेच अधिक प्रकाश देतात. याउलट हॅलोजनसाठी घडविलेल्या परावर्तकात एलईडी किंवा एचआयडी दिवे घातल्यास प्रकाश विखुरतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

शक्तिवाढ. नैसर्गिक हवा घेणाऱ्या लहान इंजिनात केवळ एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून शक्तीत फारशी भर पडत नाही. आवाज मात्र वाढतो. इंजिनात अधिक हवा आणि त्या प्रमाणात इंधन नेण्यासाठी सिलिंडर हेड, कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर किंवा इंजेक्शन प्रणाली आणि प्रज्वलनाची वेळ यांचा एकत्रित विचार करावा लागतो. टर्बोचार्जर बसविल्यास पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स, शीतलन आणि ब्रेक या सर्वांवरील भार वाढतो. एका भागाची शक्ती वाढविली की पुढचा कमकुवत भाग उघडा पडतो, हे या क्रमामागील तत्त्व आहे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

भारतात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाले. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखान्यांच्या आसवनींतून या इथेनॉलचा पुरवठा होतो. जुन्या मोटारींतील काही रबरी नळ्या, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे भाग अशा इंधनासाठी घडविलेले नव्हते. ते फुगतात, ठिसूळ होतात किंवा गळतात. इंजिनाच्या उष्णतेजवळील इंधनगळती आगीला कारण ठरू शकते. त्यामुळे इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या नळ्या आणि सील बसविणे हा जुन्या मोटारीसाठी अत्यंत उपयुक्त फेरबदल आहे.

पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर इथेनॉलला सुमारे ९ पट पुरते. ठरावीक जेट असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रित इंधन वापरल्यास हवेचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त होते आणि इंजिन अडखळते किंवा अधिक तापते. किंचित मोठे जेट बसवून हे प्रमाण दुरुस्त करता येते. इथेनॉल पाणी शोषत असल्याने दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या मोटारीच्या टाकीत गंज धरू शकतो. म्हणून अशी मोटार अधूनमधून चालविणे हितावह असते.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकास करता येत नाही. इंजिन बदलणे किंवा सीएनजी संच बसविणे यांसाठी नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता आणि प्रमाणपत्रावर तशी नोंद आवश्यक असते; संचही मान्यताप्राप्त असावा लागतो. वाहने आणि त्यांचे भाग यांची चाचणी करून मान्यता देणाऱ्या संस्थांत १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेचा समावेश होतो. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अनधिकृत फेरबदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

खासगी मोटारीची नोंदणी प्रथम १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांसाठी वाढविली जाते. महाराष्ट्रात त्या वेळी पर्यावरण करही भरावा लागतो. कर्णकर्कश सायलेन्सर, बदललेले दिवे किंवा मडगार्डबाहेर आलेले टायर असलेली मोटार या तपासणीत अडते. विमा कंपनीला न कळविलेल्या फेरबदलामुळे अपघातानंतर भरपाईचा दावाही अडचणीत येऊ शकतो.

५० वर्षांहून जुन्या मोटारींसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले. मूळ स्वरूपात जतन केलेल्या आणि मोठा फेरबदल न झालेल्या मोटारींनाच या नियमांखाली ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. आज केलेला न परतवता येणारा बदल मोटारीला भविष्यातील या दर्जापासून वंचित ठेवू शकतो.

ग्रामीण भागातील विशेष विचार

शहराबाहेर फेरबदलांचा अग्रक्रम स्थानिक परिस्थितीनुसार ठरतो. बीड जिल्ह्यातील धर्मापुरी, परळी, अंबाजोगाई हा परिसर बालाघाटच्या डोंगररांगांचा आहे. गावोगावचे उंच गतिरोधक, डांबराची तुटलेली कड आणि पावसाळ्यातील खड्डे यांमुळे जमिनीपासूनची उंची कमी केलेली मोटार येथे निरुपयोगी ठरते. उसाच्या गळीत हंगामात रात्री रस्त्यावर मागील दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्या असतात. अशा वेळी दहा अश्वशक्तींच्या वाढीपेक्षा नीट लावलेले हेडलाइट आणि खात्रीचे ब्रेक यांचे मोल अधिक असते. धुळीच्या रस्त्यांवर उघड्या प्रकारच्या एअर फिल्टरपेक्षा बंद पेटीतील मूळ फिल्टर इंजिनाचे संरक्षण अधिक चांगले करतो.

सुट्या भागांची उपलब्धता हाही निर्णायक मुद्दा आहे. उत्पादन बंद झालेल्या मोटारीचे भाग पुष्कळदा मुंबई-पुण्याहून मागवावे लागतात. स्थानिक मेकॅनिकला ज्याची दुरुस्ती करता येत नाही, असा फेरबदल मोटार आडरस्त्यावर बंद पाडू शकतो. म्हणून सहज मिळणारे भाग, साधी जोडणी आणि केलेल्या कामाची लेखी नोंद यांना महत्त्व दिले जाते.

मूळ भागांचे जतन

फेरबदल करताना काढलेले मूळ भाग नाव लिहून जपून ठेवावेत, असा संकेत जाणकारांत आहे. सांगाड्याला नवी भोके पाडणे, पत्रा कापणे किंवा वेल्डिंग करणे टाळून मूळ बोल्टच्या जागीच नवा भाग बसविल्यास बदल परतवता येतो. पुढील मालकाला मोटार मूळ स्वरूपात हवी असल्यास हे भाग तिची किंमत वाढवितात. फेरबदलावर झालेला खर्च मात्र विक्रीच्या वेळी क्वचितच पूर्ण वसूल होतो.