पत्ता उजवीकडून वाचा

तालुक्याच्या गावात ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवलं, की लोक गूगलवर काय शोधतात हे वेगळं विचारावं लागत नाही. जूनमध्ये दाखले आणि स्कॉलरशिप, पावसाळ्यात पीकविमा, मार्चमध्ये पॅन आणि टॅक्स. २०२५ साल मात्र नंबर प्लेटचं होतं. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या प्रत्येक गाडीला नवी सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची एचएसआरपी, बसवणं राज्यात सक्तीचं झालं. पहिली मुदत ३१ मार्चची होती, पुढे ती वाढत गेली. मुदत जवळ आली की काउंटरवर झुंबड, आणि त्या झुंबडीत कुणीतरी मोबाइल पुढे करायचा : "दादा, पैसे भरलेत, पण पावती येईना. जरा बघा की."

बघायचं काय, ते पत्त्याच्या पट्टीत. पण लोक तिथे बघतच नाहीत, ते पानाकडे बघतात. पानावर राजमुद्रा असते, मंत्र्यांचे फोटो असतात, वरून सरकणारी सूचना असते, 'अर्ज करा'चं केशरी बटण असतं. हे सगळं खऱ्या साइटवरून जसंच्या तसं उचलता येतं आणि त्याला फार वेळही लागत नाही. त्यामुळे पान किती सरकारी दिसतं यावरून काहीच ठरत नाही. उलट मला तर अनुभवाने असं वाटतं, की फार देखणी, झटपट उघडणारी सरकारी साइट दिसली तर जरा थांबावं.

पत्ता वाचायची रीत मी प्रत्येकाला तीच सांगतो. पाकिटावरचा पत्ता टपालखातं शेवटाकडून वाचतं, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, माणसाचं नाव सगळ्यात शेवटी. साइटचा पत्ताही तसाच वाचायचा. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरपी रेघ येते, तिच्यावर बोट ठेवा आणि तिथून डावीकडे या. मालक कोण ते तिथे कळतं. रेघेच्या डाव्या हाताला लगेच 'जीओव्ही डॉट इन' असेल तर पत्ता सरकारी, कारण तो फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतो. पण 'ट्रान्सपोर्ट डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' एवढं सगळं आलं आणि त्यापुढे आणखी 'डॉट अमुकतमुक डॉट टॉप' असं शेपूट निघालं, तर साइट त्या अमुकतमुकची. आधीची सगळी अक्षरं त्याने शोभेला लावलीत. टिंबाच्या जागी आडवी रेघ घालून 'महाराष्ट्र-जीओव्ही' केलेलं असेल तरी तेच. मोबाइलच्या अरुंद पट्टीत पत्ता बऱ्याचदा अर्धाच दिसतो, म्हणून त्यावर टिचकी मारून तो पूर्ण उघडावा लागतो. एवढी एक टिचकी मारायचाही लोकांना कंटाळा.

"पण कुलूप होतं ना!" हे वाक्य मला रोज ऐकू येतं. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतची वाट बंदिस्त आहे, मधल्या कुणाला काही वाचता येणार नाही. पलीकडे बसलाय तो चोर की साव, हे कुलूप सांगत नाही. तसलं प्रमाणपत्र आता फुकट मिळतं आणि चोरही ते घेतात. लोकांचा हा गैरसमज एवढा घट्ट होता, की गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते कुलपाचं चिन्ह काढूनच टाकलं.

आता यातली खरी मेख. नंबर प्लेटसाठी राज्याचे तीन विभाग पाडले होते आणि तीन खासगी कंपन्यांना काम दिलं होतं. परिवहन विभागाच्या साइटवर जायचं, आपल्या आरटीओचा क्रमांक निवडायचा, की ती साइट तुम्हाला त्या विभागाच्या कंपनीच्या पानावर नेऊन सोडायची. त्या पानाच्या पत्त्यात 'जीओव्ही' कुठेच नाही! म्हणजे मी लोकांना शिकवलेला नियम खऱ्या प्रक्रियेतच मोडत होता. अशा वेळी पत्त्याइतकंच महत्त्व तुम्ही त्या पानावर कुठून आलात याला येतं. सरकारी पानावरून आलात तर ठीक. 'एचएसआरपी महाराष्ट्र' असं टाइप करून, वर दिसलं त्यावर बोट ठेवून आलात, तर तसलंच नाव आणि तसलंच पान असलेली भलतीच साइटही समोर येऊ शकते. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांनी सगळं काम एकाच सरकारी पत्त्याखाली ठेवलं असतं, तर निम्मी फसवणूक झालीच नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशी एक बनावट साइट मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर सावकाश उघडून पाहिली. वरच्या ओळीतली 'आमच्याविषयी', 'नियम', 'तक्रार' ही बटणं दाबली, तर फिरून त्याच पानावर. संपर्कासाठी ना कार्यालय, ना ईमेल, फक्त व्हॉट्सॲपचा नंबर. मराठी अशी, की 'आपले वाहन प्लेट करा'. मग मी मुद्दाम चुकीचा चासी नंबर टाकला. खरी साइट तो 'वाहन'च्या सरकारी नोंदींशी ताडून पाहते आणि जुळला नाही तर तिथेच अडवते. या साइटने तो आनंदाने घेतला आणि थेट पैशांच्या पानावर नेलं. खोटी माहिती गोड मानून घेणारी साइट बोगसच समजावी. मात्र तिने माहिती नाकारली म्हणजे ती खरी, असा उलटा निष्कर्ष काढू नये, आणि हा प्रयोग आपल्या बँकेच्या पासवर्डवर तर अजिबात करू नये.

पैशांच्या पानावर क्यूआर कोड होता. अधिकृत दर दुचाकीला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५, वर जीएसटी. इथली रक्कम कशाशीच जुळत नव्हती. कोड स्कॅन केला तर नाव आलं एका व्यक्तीचं. जून २०२५ अखेरपासून यूपीआय ॲपमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दिसायला हवं, असा यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा नियम आहे. पिन टाकण्याआधीची ती एक ओळ वाचली, तर बरीच माणसं वाचतील. सरकारी फी कुणा व्यक्तीच्या खात्यात जात नसते.

शोधाच्या निकालात सगळ्यात वर असणं म्हणजे सगळ्यात खरं असणं, ही समजूतही मोडायला हवी. पहिले एक-दोन निकाल अनेकदा जाहिराती असतात, बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेल्या. शेजारच्या तीन टिंबांवर दाबलं तर जाहिरात कुणाच्या नावाने आहे तेही समजतं. नंबर प्लेटची जाहिरात भलत्याच राज्यातल्या कुणाच्या नावावर निघाली की विषय संपला. जाहिरातीखालचे निकालही सोवळे नसतात. नावाजलेल्या संस्थेच्या साइटवर फाइल चढवायची सोय उघडी राहिली, की तिथे कुणीतरी 'कस्टमर केअर'चा स्वतःचा नंबर पेरून ठेवतो. नकाशातल्या दुकानाचा नंबर बदलण्याची सूचना कुणीही करू शकतं. निकालांच्या डोक्यावर येणारं एआयचं तयार उत्तरही हेच पेरलेले नंबर उचलतं.

यात्रेच्या हंगामात तऱ्हा बदलते. एक काका केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट प्रिंट करायला आले. पीडीएफ सुबक, वर शिक्का, खाली क्यूआर. मी विचारलं, "काका, चारधामचा नोंदणी क्रमांक कुठला टाकलात?"

"तो कशाला? त्यांनी मागितला नाही."

हीच खूण. गुप्तकाशी, फाटा आणि सिरसी इथून उडणाऱ्या या हेलिकॉप्टरचं बुकिंग एकाच ठिकाणी होतं : आयआरसीटीसीची 'हेलीयात्रा' साइट. त्यासाठी उत्तराखंड सरकारकडची यात्रा-नोंदणी आधी लागते. शिवाय बुकिंग उघडलं की जागा भराभर संपतात. या साइटवर मात्र हव्या त्या तारखेला हव्या तेवढ्या जागा होत्या, वर व्हॉट्सॲपवरून 'सर'ही म्हणत होते. याच प्रकाराबद्दल केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये देशभर इशारा दिला होता. त्यात केदारनाथ होतंच, सोमनाथचं भक्तनिवासही होतं. देवस्थानांची अडचण अशी, की त्यांचे पत्ते 'ओआरजी' किंवा 'ओआरजी डॉट इन'चे असतात, आणि तसा पत्ता कुणीही विकत घेऊ शकतं. तिथे शेपूट वाचून भागत नाही. देवस्थानाच्या छापील पावतीवर किंवा पत्रिकेवर जो पत्ता आहे, तोच टाइप करावा.

बँकांच्या बाबतीत निदान एक गोष्ट सोपी झाली. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यायच्या होत्या. हा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो. गावातल्या पतसंस्थेला बँक समजणाऱ्या मंडळींचा गोंधळ त्याने मिटणार नाही, तो भाग वेगळा.

माझ्या दुकानातल्या भिंतीवर आता नेहमी लागणाऱ्या साइटचे पत्ते मोठ्या अक्षरांत लावलेत. लोक त्याचा फोटो काढून नेतात. शोधण्यापेक्षा ते बरं.

आणि पैसे गेलेच असतील, तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येतात ते पहिल्या काही तासांतच. तक्रार सायबर क्राइम डॉट जीओव्ही डॉट इनवर नोंदवा, बँकेला कळवा. बँकेचा नंबर मात्र कार्डाच्या मागे पाहून लावा, गूगलवर शोधून नव्हे. 'गेलेले पैसे परत मिळवा' असं शोधलंत, तर तिथेही 'वकील' आणि 'सायबर अधिकारी' म्हणवणारे भामटे टपलेले आहेत, आणि ते आधी फी मागतात.