टाळे लागत नाही, पण निधी अडतो

अमेरिकेत १ ऑक्टोबर २०२५ पासून सलग ४३ दिवस केंद्र सरकारचे कामकाज ठप्प होते. खर्चाला तिथल्या काँग्रेसची मंजुरी नव्हती, त्यामुळे विद्यापीठांना संशोधनासाठी मिळणारी नवी अनुदानेही थांबली. आपल्याकडे अशी वेळ येत नाही. अर्थसंकल्प लांबला तर केंद्रात अनुच्छेद ११६ आणि राज्यात अनुच्छेद २०६ प्रमाणे लेखानुदान घेता येते. २०२४ मध्ये महाराष्ट्राचा अंतरिम अर्थसंकल्प फेब्रुवारीत आला, पूर्ण अर्थसंकल्प थेट जूनअखेर.

तरीही पैसा अडला की काय होते, हे धाराशिव जिल्ह्याने त्याच जूनमध्ये पाहिले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे तुळजापूर संकुल १९८६ पासून ग्रामीण विकासाचे शिक्षण आणि संशोधन करत आहे. २८ जून २०२४ रोजी संस्थेच्या तुळजापूरसह चार संकुलांतील ५५ कंत्राटी अध्यापक आणि ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मुदतवाढ नाकारल्याच्या नोटिसा गेल्या. त्यांचे पगार टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत आणि ते पुढे मिळेल याची खात्री नव्हती. ट्रस्टने निधीची ग्वाही दिल्यावर ३० जूनला नोटिसा मागे घेण्यात आल्या.

दोनच दिवस, पण ते ऐन खरिपाच्या पेरणीचे. दुष्काळी गावांत पाण्याचा, पिकांचा, स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्याला थांबलेला पगार नंतर मिळू शकतो; हुकलेल्या हंगामाच्या नोंदी मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत मिळत नाहीत.