फौज गेली, नाके उरले

रोटेगाव सोडून गाडी नगरसूलकडे निघाली की हद्द कुठे ओलांडली ते आज कळत नाही. 1948 साली कळायचे. वैजापूर तालुका हैदराबादच्या निजामाचा, येवला मुंबई इलाख्यातला. इकडे चारमिनारची छाप असलेला हाली रुपया, तिकडे कलदार. सहा कलदारांना सात हाली. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका.

आपल्या शहराच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, उशाशी असलेली ही सरहद्द त्या वर्षी पेटली. त्याचे मूळ मला एका कागदात दिसते.

29 नोव्हेंबर 1947 रोजी भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, एका वर्षासाठी. त्याचे पहिलेच कलम नीट वाचावे. संस्थानातल्या अंतर्गत बंदोबस्तासाठी फौज पाठवणे भारतावर बंधनकारक नव्हते, तसा हक्कही नव्हता. युद्धकाळ आणि निजामाची संमती असल्याशिवाय तिथे फौज ठेवता येणार नव्हती. त्यानुसार 1948 च्या सुरुवातीला सिकंदराबादची भारतीय फौज निघून गेली. निजामाची फौज मात्र जागेवर राहिली आणि निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांची, रझाकारांची, भरती वाढतच गेली. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी कुणी परका नव्हता, लातूरचा वकील होता. गावातला माणूस गावातल्याच माणसावर उठला, म्हणून मी याला यादवी म्हणतो.

फौज हटली ती एकाच बाजूची. बिनफौजी पट्टा टिकायचा तर दोन्ही बाजूंनी मागे सरावे लागते आणि मधे तिसऱ्याने उभे राहावे लागते. 1954 साली व्हिएतनामात बेन हाय नदीच्या दोन्ही काठांवर पाच-पाच किलोमीटरचा पट्टा आखला, तेव्हा देखरेखीच्या आयोगाचे अध्यक्षपद भारताकडेच होते. तो पट्टाही पुढे युद्धाने गिळला. आपल्या सरहद्दीवर तर असा तिसरा कुणी नव्हताच. करारात वादासाठी लवादाची तरतूद होती, पण रात्री घर पेटले तर शेतकऱ्याने कुठे धाव घ्यायची, याचे उत्तर नव्हते.

उत्तर लोकांनी शोधले. मनमाड, पाथर्डी, बार्शी, उमरखेड अशा हद्दीपलीकडच्या गावांत निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कॅम्प उभे राहिले. तिथून पोरे रात्री हद्द ओलांडत, नाके जाळत, शिंदीची झाडे तोडत. जानेवारी 1948 मध्ये उमरीची बँक लुटून त्यांनी लढ्यासाठी पैसा उभा केला. रझाकार सूड घेत तो गावांवर. जीव मुठीत धरून माणसे हद्दीपार गेली. जुलैत सोलापूर-बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला, हैदराबादच्या तुटक टापूत, भारतीय जवानांवर हल्ला झाला. तिथून चकमकी थेट फौजांमध्ये सुरू झाल्या.

13 सप्टेंबरला भारतीय फौज संस्थानात शिरली. दुसऱ्या दिवशी मेजर जनरल ब्रार यांच्या तुकड्यांपुढे औरंगाबाद शरण आले. 17 ला निजामाने हत्यार टाकले. करार वर्षभराचा होता, साडेनऊ महिन्यांत संपला.

पुढचे पान आपण चुकवतो. फौजेपाठोपाठ मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. तो अहवाल कित्येक दशके दडपलेला राहिला. रझाकारांनी मारलेले आणि नंतर मारले गेलेले, दोघेही याच मातीतले होते. एकाची नोंद करताना दुसऱ्याला गाळणारा इतिहास मला मान्य नाही.

दर 17 सप्टेंबरला सिद्धार्थ उद्यानातल्या हुतात्मा स्मारकापाशी झेंडा फडकतो. ज्यांनी ते वर्ष पाहिले ती माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. तुमच्या घरात, शेजारच्या मोहल्ल्यात असे कुणी असेल, तर यंदा दिवाळीतच त्यांच्याजवळ बसा आणि लिहून घ्या.